मारुती ८००च्या गिअरबॉक्समधून तेल गळतंय? आधी धुवा, मग बघा, मग पाना उचला

माझी गाडी २००४ची मारुती ८००. पांढरी. आप्पांनी निवृत्त झाल्यावर घेतली आणि ते गेल्यापासून मी चालवते. दर शनिवारी मागची सीट दुमडून तिच्यात कोकम आगळाच्या बाटल्या, आमसुलं, पोह्याचे पापड भरते आणि चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला जाते. गाडी बंद पडली की त्या आठवड्याची विक्री बंद. म्हणून तिच्या पोटाखाली शिरायला मी शिकले, आणि जे शिकले ते इथे सविस्तर लिहिते आहे. जुनी ८०० असलेली माणसं अजून गावोगावी आहेत आणि यातल्या बहुतेकांना ‘जुनी गाडी आहे, गळणारच’ एवढंच उत्तर मिळतं. ते उत्तर खरं नाही.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा गाडी दारातच होती. टपापर्यंत बुडाली. पुढे महिनाभर गॅरेजला राहिली. इंजिन ऑइल बदललं, वायरिंग बदललं, सीटा वाळवल्या. गिअरबॉक्सकडे मात्र कुणी पाहिलं नाही, आणि मलाही तेव्हा विचारायचं सुचलं नाही. दिवाळीच्या सुमारास अंगणातल्या फरशीवर रुपयाएवढा डाग दिसायला लागला. संक्रांतीपर्यंत तो बशीएवढा झाला. आणि एका शनिवारी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ऊंऽऽ असा बारीक सूर काढायला लागली. ८००च्या गिअरबॉक्सला इंजिनासारखी तेल मोजायची पट्टी नसते. वरून काही कळत नाही. सूर ऐकू येईपर्यंत आत तेल बरंच उतरलेलं असतं.

शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मामा राहतात. सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी. मी त्यांना विचारलं, “मामा, सील आणू का?” ते म्हणाले, “ताई, कुठलं सील? आधी धुवा. मग बघा. मग आणा.” या तीन वाक्यांतच निम्मी दुरुस्ती आहे. म्हणून मी पाने-हत्यारांपासून सुरुवात करत नाही.

खाली पडलेला थेंब कुठून निघाला हे थेंबावरून कळत नाही. तेल वरून उतरतं, कडेकडेनं जातं, वाऱ्यानं मागे ढकललं जातं आणि सगळ्यात खालच्या बोल्टच्या टोकावरून टपकतं. त्या बोल्टचा काही दोष नसतो. आधी पातळ पदार्थ कोणता ते ठरवा. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा घाला, किंवा जुन्या कॅलेंडरची पानं उलटी अंथरा, आणि पुढच्या दोन चाकांच्या जागा पेनानं आखून ठेवा. सकाळी थेंब कुठे पडला ते चाकांच्या हिशेबानं बघा आणि बोटावर घेऊन चोळा. गिअर ऑइल घट्ट असतं, रंगानं मधासारखं ते तपकिरी, आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. एकदा घेतलेला हा वास पुन्हा विसरत नाही. इंजिन ऑइल काळं असतं आणि त्याचा वास जळका. ब्रेक ऑइल पाण्यासारखं पातळ आणि फार बुळबुळीत. ते चाकाच्या आतल्या अंगाला सापडलं तर गाडी हलवू नका, तो वेगळा आणि तातडीचा मामला आहे. कूलंट पाणचट आणि रंगीत असतं. ८००चा क्लच केबलवर चालतो, त्यामुळे क्लचचं तेल गळण्याचा प्रश्नच नाही. एक शंका कमी.

बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत लाल रंगाचं पातळ तेल असतं. त्यांचं काम निराळं आहे, आणि त्यातलं काही इथे लागू करू नका.

वास गिअर ऑइलचा आहे हे नक्की झालं की गिअरबॉक्स बाहेरून धुवायचा. तो बॉनेट उघडल्यावर तुमच्या गाडीच्या डाव्या अंगाला, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला असतो. इंजिन पूर्ण गार असताना जुना ब्रश डिझेलमध्ये बुडवून माती-तेलाचा थर घासून काढा. बाहेरच धुवा, जवळ पेटती चूल किंवा गॅस नको, विजेच्या जोडण्यांवर डिझेल उडू देऊ नका. मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. पुरात बुडालेल्या गाडीवरून मी जो गाळ काढला तो अर्धी बादली भरला. त्या गाळाखाली नक्की काय ओलं आहे हे आधी कुणालाच दिसलं नसतं.

कोरड्या झालेल्या गिअरबॉक्सवर टाल्कम पावडर भुरभुरवा. अंगाला लावायची साधी पावडर चालते. मग आठ-दहा किलोमीटर गाडी चालवून आणा आणि टॉर्च घेऊन खाली आडवे व्हा. जिथून तेल निघतं तिथे पावडरवर ओली रेघ उमटलेली असते. नेहमी ओल्या भागाचं सगळ्यात वरचं टोक शोधा.

आता जागा. ८००च्या गिअरबॉक्समधून तेल निघू शकतं अशा जागा मोजक्याच आहेत. एक्सल, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे, जिथे आत शिरतात ती दोन तोंडं, डावं आणि उजवं. गिअर बदलणारा दांडा आत जातो तिथलं छोटं सील. स्पीडोमीटरची केबल बसते तिथला रबरी ओ-रिंग. तेल काढायचा आणि भरायचा असे दोन प्लग. डब्याचे दोन भाग जिथे जोडले जातात तो सांधा. आणि क्लचच्या घुमटातून, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडाखालून येणारं तेल.

शेवटचं असेल तर थांबा. तिथून गिअर ऑइल आलं म्हणजे आतलं इनपुट शाफ्टचं सील गेलं, काळं इंजिन ऑइल आलं तर क्रँकचं मागचं सील. दोन्हींसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. अंगणात दोन घोड्यांवर, म्हणजे गाडी टेकवायच्या लोखंडी तिवयांवर, गाडी ठेवून हे करू नये. मी करत नाही. गॅरेजला द्या, पण काय झालंय ते स्वतः बघून आणि सांगून द्या.

आणखी एक फसवणारी जागा. जुन्या कार्बोरेटरवाल्या ८००मध्ये डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) इंजिनाच्या हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतो. त्याचा ओ-रिंग वाळला की इंजिन ऑइल थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर उतरतं आणि सगळे म्हणतात गिअरबॉक्स गळतोय. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, गॅस्केटचंही तेच. म्हणून आधी वर बघायचं, मग खाली.

एक्सलचं सील गेलं असेल तर त्याची खूण वेगळी असते. एक्सल फिरतो, त्यामुळे तेल नुसतं ओघळत नाही, गरागरा उडतं. आसपासच्या पत्र्यावर एकाच रेषेत, पट्ट्यासारखे शिंतोडे दिसतात. माझ्याकडे डाव्या बाजूला असा हातभर पट्टा होता. फाटलेल्या एक्सल बूटमधूनही (एक्सलच्या जॉइंटवरच्या रबरी आवरणातूनही) असाच पट्टा पडतो, पण ते काळं, दाट, बोटाला खरखरणारं ग्रीस असतं. तेवढा फरक चोळून बघा.

सील आणण्याआधी आणखी एक गोष्ट, आणि ती फुकटात होते. गिअरबॉक्सच्या डोक्यावर हवा आत-बाहेर जायची एक छोटी वाट असते, ब्रीदर. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते आणि या वाटेनं बाहेर पडते. ती मातीनं बुजली की हवेला दुसरी वाट उरत नाही, मग ती तेलाला सीलमधून ढकलते. अशा वेळी नवं सीलही गळतं. माझ्या ब्रीदरमध्ये पुराचा गाळ सिमेंटसारखा बसला होता. तो बारीक तारेनं, गाळ आत न ढकलता, बाहेर ओढून काढला. तुमचं सील ठीक आणि ब्रीदर बुजलेला, असंही निघू शकतं. तो साफ करा, पुसा, चार दिवस चालवून बघा.

आता सामान. एक्सलचं ऑइल सील घेताना मॉडेल आणि वर्ष सांगा, आणि डावं की उजवं ते स्पष्ट सांगा. जमलं तर जुनं सील सोबत न्या आणि शेजारी ठेवून बाहेरचा घेर, आतला घेर, जाडी तिन्ही ताडून बघा. एक्सलच्या टोकाचा सर्क्लिप, ज्याला दुकानात नुसतं ‘लॉक’ म्हणतात, तोही नवा घ्या. दोन्ही मिळून फार पैसे लागत नाहीत, मोठा खर्च तेलाचा असतो. तेल दोन लिटरच्या थोडं वर लागतं, म्हणून तीन लिटर आणा.

तेलाबद्दल मी आग्रही आहे. डब्यावर ‘एपीआय जीएल-४’ असं लिहिलेलं हवं, आणि घट्टपणा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिलाय तोच. मी ८०डब्ल्यू-९० घालते. दुकानदार ‘जीएल-५ जास्त भारी’ म्हणून पुढे करतात. जीएल-५ हे मुख्यतः मागच्या चाकांना जोर देणाऱ्या डिफरन्शियलसाठी असतं. त्यात गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते आणि ते गिअर जुळवणाऱ्या पितळी कड्यांना मानवतंच असं नाही. आकडा मोठा म्हणून तेल चांगलं, असा हिशेब इथे चालत नाही. गळती थांबवणारी म्हणून बाटलीतून ओतायची औषधंही नकोत. ती रबर फुगवतात, महिनाभर बरं वाटतं. आणि बाहेरून एम-सील लिंपू नका. फिरत्या एक्सलच्या तोंडाशी त्याचा काहीच उपयोग नाही.

बाकी हत्यारं म्हणजे गोटी पान्यांचा संच, चाकाचा पाना, हातोडी, लांब टॉमी (उचकटायची लोखंडी कांब), मोठा स्क्रू ड्रायव्हर, पसरट ट्रे, पारदर्शक नळी आणि नरसाळं. स्वयंपाकघरातलं नरसाळं इथे आणलं तर ते परत नेऊ नका. हातमोजे घाला.

आणि घोड्या. दोन लोखंडी घोड्यांशिवाय गाडीखाली जायचं नाही. नुसत्या जॅकवर कधीच नाही. कोकणात सगळ्यांच्या दारात जांभ्याचे चिरे पडलेले असतात आणि चिरा भक्कम दिसतो, म्हणून लोक त्याच्यावर गाडी टेकवतात. भिंतीत चिऱ्यावरचा भार सगळीकडे सारखा पसरलेला असतो. गाडीचा भार एका बिंदूवर आला की तो सूचना न देता दुभंगतो. ओला असेल तर आणखी लवकर. चिरे फक्त मागच्या चाकांना अडसर म्हणून लावा, पुढून-मागून दोन्हीकडून.

कामाला सुरुवात करताना गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे तेल कोमट होऊन पटकन उतरेल. सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग पुढच्या दोन्ही बाजू उचलून घोड्यांवर ठेवा आणि गाडीला हातानं जोरात हलवून बघा. हलली तर पुन्हा ठेवा.

तेल काढण्याआधी भरायचा प्लग उघडा. हा क्रम उलटा करू नका. भरायचा प्लग वर्षानुवर्षं न उघडल्यानं जाम झालेला असतो, आणि तेल आधीच काढून टाकलंत, मग तो उघडला नाही, तर गाडी बिनतेलाची उभी राहील. तो उघडला की मगच खालचा ड्रेन प्लग. त्याच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर करडा, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर ती रोजची झीज आहे, पुसून टाका. दाताचे तुकडे, कपच्या असतील तर मात्र सील बदलून भागणार नाही.

माझं तेल चहासारखं निघालं. दूध घातलेल्या चहासारखं. पुराचं पाणी ब्रीदरमधून आणि सीलमधून आत जाऊन सहा महिने तेलात घुसळलं जात होतं. असं दुधाळ तेल निघालं तर एकदा बदलून पुरत नाही. नवं घाला, चाळीस-पन्नास किलोमीटर चालवा, पुन्हा काढून पुन्हा घाला. पुरात बुडालेली कुठलीही गाडी घरात असेल आणि गिअर ऑइल बदललं नसेल, तर गळत नसली तरी आज प्लग उघडून बघा.

आता एक्सल. चाक काढून ठेवा. चाकाच्या मधला मोठा नट काढायची गरज नाही, या कामाला तो लागत नाही. खालच्या आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट ज्या बोल्टनं नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागात) आवळलेला असतो तो बोल्ट पूर्ण बाहेर काढा. नुसता सैल करून चालत नाही, कारण तो जॉइंटच्या खाचेतून आडवा जातो. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. मग स्टॅबिलायझर बारचे (दोन्ही बाजूंचे आर्म जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे) बॉडीला धरणारे क्लॅम्प सैल करा आणि टॉमीनं आर्म खाली दाबा, म्हणजे बॉल जॉइंट नकलमधून सुटतो. इथे कुणीतरी मदतीला हवं. एकानं दाबायचं, दुसऱ्यानं नकल बाहेर ओढायचा. ब्रेकच्या नळीवर ताण येत नाही ना, याकडे सतत लक्ष ठेवा.

एक्सलचं आतलं टोक गिअरबॉक्समध्ये त्या सर्क्लिपनं अडकलेलं असतं. गिअरबॉक्सची कड आणि एक्सलच्या आतल्या टोकाचा जाड जॉइंट यांच्या मधल्या फटीत टॉमीचं टोक घाला आणि एक झटका द्या. हळूहळू दाबत बसलं तर तो येत नाही. झटक्यानं ‘टक’ होऊन सुटतो. एक्सलचा दांडा धरून मात्र ओढायचं नाही. दांडा ओढला की जॉइंट बूटच्या आत सुटा होतो आणि दोन तासांचं काम दोन दिवसांचं होतं. हात जॉइंटच्या जाड भागावर हवा. सुटल्यावर एक्सल लोंबकळत ठेवू नका, दोरीनं वर बांधा. आणि एका वेळी एकच बाजू काढा. दोन्ही एक्सल एकदम बाहेर आले तर आतले गिअर जागचे सरकू शकतात.

जुनं सील समोर दिसायला लागलं की लगेच उचकटू नका. मामांनी मला इथे काडेपेटीतली एक काडी दिली. सीलच्या तोंडावर ती उभी धरून, गिअरबॉक्सच्या कडेपासून सील किती खोल बसलंय ते नखानं काडीवर खूण करून घ्यायचं. चार ठिकाणी मोजायचं. ती काडी खिशात ठेवा.

मग स्क्रू ड्रायव्हरनं सील उचका, पण टोक सीलच्या पोटात घुसवून. ते ज्या ॲल्युमिनियमच्या गोलात बसतं त्याला ओरखडा गेला तर नवं सील बाहेरच्या कडेनं गळेल. काढल्यावर सील हातात घेऊन बघा. माझ्या सीलचा ओठ, म्हणजे एक्सलला चिकटून राहणारी रबराची बारीक धार, वाळल्या आमसुलासारखी कडक झाली होती. तिच्यामागची बारीक स्प्रिंग गंजून तुटली होती. चांगल्या सीलचा ओठ बोटानं दाबला की वाकतो आणि लगेच परत येतो. हा वाकलाच नाही.

तसंच एक्सलवर सील जिथे घासतं ती गुळगुळीत पट्टी बघा. डोळ्यांनी नाही, नखानं. नख आडवं फिरवताना अडकलं तर तिथे चरा पडलाय, आणि नवं सील थोडेच दिवस टिकेल. माझ्या एक्सलवर पुराच्या पाण्यानं गंजाचे ठिपके उठले होते. ते झिरो नंबरच्या पॉलिश पेपरला तेल लावून काढले. पेपर गोलाकारच फिरवायचा, दांड्याच्या लांबीत मागे-पुढे नाही, नाहीतर प्रत्येक ओरखडा तेलाला बाहेर यायचा पाट होतो. चरा खोल असेल तर जॉइंट बदलणं हाच उपाय. जागा असेल तर नवं सील मिलिमीटरभर वेगळ्या खोलीवर बसवतात, म्हणजे ओठ नव्या जागी टेकतो. पण हे जाणत्या माणसाला विचारून करा.

नवं सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. ओठावर बोटानं ग्रीस लावा, बाहेरच्या कडेला तेलाचा पातळ हात. सील तोंडाशी सरळ टेकवा आणि त्यावर सीलच्या बाहेरच्या कडेएवढा पीव्हीसी पाइपचा कपलिंग ठेवून हळूहळू ठोका. एका बाजूला ठोकून मग दुसरी बाजू असं करू नका, ते तिरकं जातं आणि तिरकं गेलेलं सील वाया गेलं असं समजा. दर चार ठोक्यांनी काडी लावून खोली बघा. चारही बाजूंना खूण जुळली की थांबा.

आणि आता ती जागा, जिथे माझं पहिल्या वेळचं काम वाया गेलं. एक्सलच्या टोकाला दात असतात, धारदार. मी एक्सल उचलला, तोंडात घातला आणि वजनानं तो थोडा खाली टेकला. दात सीलच्या ओठावरून घासत आत गेले. बाहेरून काही दिसलं नाही. आठवड्यानं पुठ्ठ्यावर पुन्हा थेंब. पुन्हा सगळं खोललं तेव्हा ओठाला तांदळाच्या दाण्याएवढी चीर होती. तेवढी पुरते. सगळं तेल, सील आणि अख्खा रविवार पुन्हा गेला, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण बाकी सगळं नीट झालं होतं.

दुसऱ्या वेळी मी दुधाच्या पिशवीचा रुंद तुकडा धुऊन, पुसून, तेल लावून दातांवर गुंडाळला. एकानं खालून एक्सलचं वजन उचलून धरलं, मी टोक सरळ रेषेत सीलमधून नेलं. दात ओठापार गेले की पिशवीचं बाहेर राहिलेलं टोक धरून ती अख्खी ओढून घेतली आणि उलगडून बघितली. फाटून तुकडा आत राहिलेला चालत नाही. त्यानंतर दात जुळवून जॉइंटला एक जोराचा धक्का. ‘टक’ ऐकू आलं पाहिजे. मग जॉइंट हातानं बाहेर ओढून बघा. सर्क्लिप बसला असेल तर तो येत नाही. येत असेल तर बसलेला नाही, आणि तसाच रस्त्यावर नेलात तर वळणावर एक्सल सुटेल.

पुढचं उलट्या क्रमानं. बॉल जॉइंट नकलमध्ये घालताना त्याची खाच बोल्टच्या भोकासमोर आली पाहिजे. बोल्ट सहज आरपार जात असेल तर खाच जुळली, हातोडीनं मारावा लागत असेल तर जुळलेली नाही. क्लॅम्प आवळा. किती जोरानं आवळायचं याचे आकडे तुमच्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेत असतात आणि टॉर्क पाना भाड्यानं किंवा ओळखीनं मिळतो. हे चाक धरून ठेवणारे बोल्ट आहेत, इथे अंदाज नको. ड्रेन प्लग साफ करून लावा, चाक बसवा, गाडी जमिनीवर घ्या.

तेल गाडी सपाट असतानाच भरायचं, नाक वर असताना पातळी चुकते. पारदर्शक नळीचं एक टोक भरायच्या भोकात, दुसरं बॉनेटमधून वर, त्यात नरसाळं. गिअर ऑइल घट्ट असल्यानं वेळ लागतो. थंडीच्या दिवसांत डबा आधी उन्हात ठेवा. भोकाच्या खालच्या कडेतून तेल बाहेर ओघळायला लागलं की पातळी झाली. ओघळणं थांबू द्या, प्लग लावा. जास्त भरू नका, जास्त झालेलं तेलही सीलमधूनच वाट काढतं.

मग एकदा सगळं पुसा. नव्यानं पावडर भुरभुरवा. पहिली फेरी गल्लीतच, हळू, दोन-तीनदा ब्रेक लावून आणि दोन्हीकडे पूर्ण वळवून. वीस किलोमीटरनंतर बॉल जॉइंटचा बोल्ट आणि चाकाचे नट पुन्हा तपासा. आठवडाभर रोज रात्री पुठ्ठा घाला आणि त्यावर तारीख लिहा.

काढलेलं तेल मी जुन्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे देते, त्याच्याकडून वापरलेलं तेल गोळा करणारे घेऊन जातात. ते गटारात ओतू नका. आमच्याकडे गटाराचं पाणी वाशिष्ठीत जातं, आणि तिचं पाणी आमच्या घरात येऊन गेलेलं आहे.

माझ्या डाव्या बाजूचा पुठ्ठा तेव्हापासून कोरडा आहे आणि घाटातला तो सूर गेला. उजव्या बाजूचं सील अजून मूळचंच. परवा टॉर्चनं बघितलं तेव्हा त्याच्या खालच्या कडेला पावडर किंचित ओली दिसली. शिंतोडे अजून नाहीत. नवं सील आणि लॉक आणून ठेवलंय, काडेपेटीही, आणि पावसाआधीचा एखादा रविवार मामांना विचारून ठरवायचा आहे.